रामटेके सरांचे वाचक

रामटेके सरांना भिंतीवरचं काहीही नुसतं वाचून पुढे जाता येत नसे. प्राचार्यांनी एकदा नोटीस लावली, 'सर्वसंबंधितों को सूचित किया जाता है'. सर तिच्यासमोर थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्यानं विचारलं, "कोणाले?" आसपास मी एकटाच होतो. मी म्हटलं, सगळ्यांनाच असेल. "सगळ्याले म्हणजे कोणालेच नाही, हरदासजी," असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ती नोटीस ज्यांना ज्यांना लागू होती त्यांची नावं खाली लिहायला घेतली. सतरा नावं झाली. अठरावं खुद्द प्राचार्यांचं होतं. नोटीस वेळेवर येण्याबद्दल होती.

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. लग्नाची पत्रिका आली की पाकिटावरचं नाव बघत. त्यावर 'रामटेके परिवार' लिहिलेलं असलं तर जेवायला जात नसत. परिवार नव्हताच. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर म्हणत, राहून गेलं, आणि विषय बदलत.

मी गणित शिकवायचो, अजूनही शिकवतो. ते इंग्रजी शिकवायचे. शाळा रायपुरातल्या बूढ़ापाऱ्यात, हिंदी माध्यमाची. घरं आमची दोघांची मराठी, दोघांचेही आजोबा विदर्भातून आलेले. त्यांच्या तोंडी भंडाऱ्याची बोली तशीच राहिली होती. माझ्या तोंडी काय राहिलं होतं ते कळायला आधी मी तोंड उघडायला हवं, असं सर म्हणत. मी कमी बोलतो. आज इतकं लिहितो आहे ते सरांच्या गमती सांगायला, पण तेवढ्यासाठीच नाही. मी त्यांचं आणि माझ्या मुलीचं एक नुकसान केलं. एका शब्दात केलं, आणि तो शब्द चौदा वर्षं मागे घेतला नाही.

रायपूर तेव्हा नवीनच राजधानी झालं होतं. रस्ते खोदलेले, पाट्या नव्यानं रंगवलेल्या, आणि आमच्यासारख्या शाळेलाही सहा कॉम्प्युटर मिळाले होते. बंद पडलेला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करण्याची विद्या माझ्याकडे होती, म्हणून लॅबची चावी माझ्याकडे आली. आत चपला घालून जायची मनाई. दसऱ्याला सहाही मशीनना हळदीकुंकू लागायचं.

सरांचं भांडण निबंधाशी होतं. पुस्तकात एक निबंध होता, सरोवराची सहल. त्यात डोंगर, होडी आणि हंस होते. आमची निम्मी पोरं बूढ़ा तालाबच्या काठची. रोज शाळेत येताना तो तलाव बघत, त्यात डुंबणाऱ्या म्हशी बघत, आणि परीक्षेत हंस लिहीत. सरांनी एकदा एकोणपन्नास वह्या तपासल्या आणि स्टाफरूममध्ये माझ्यासमोर ठेवल्या. "एकोणपन्नास पोट्टे, आणि सगळ्याच्या तलावात हंस. काहून? कारण हे लिहून राहिले मले, आणि मले तर तलाव माहीत आहे. माहीत असलेल्या माणसाले कोणी खरं सांगत नाही."

मला ते पटलं होतं. मी वह्या सारख्या करून त्यांच्याकडे सरकवल्या.

मग त्यांनी कुठेतरी वाचलं की परदेशात शाळेतली मुलं ब्लॉग लिहितात, आणि कुणीही अनोळखी माणूस ते वाचून खाली दोन ओळी लिहू शकतो. झालं. शनिवारचे शेवटचे दोन तास त्यांनी प्राचार्यांकडून भांडून घेतले. नववीचा वर्ग लॅबमध्ये येऊ लागला. एका कॉम्प्युटरला आठ-आठ पोरं, एक टाइप करणार, सात जण स्पेलिंगवरून भांडणार. सरांचा नियम एकच होता: तुम्ही लिहिलेल्याला मी हात लावणार नाही. चुकलं तर चुकलं. ज्याला कळणार नाही तो विचारेल.

तीन आठवडे कोणीच विचारलं नाही. पोरं लॅबमध्ये शिरताच म्हणत, "सर, कोई पढ़ा?" सर म्हणत, येतील, येतील, दुनिया मोठी आहे. त्याच सुमारास त्यांनी मला दोनदा विचारलं की रायपुरात पाच वाजतात तेव्हा न्यूझीलंडमध्ये किती वाजतात. मी कागदावर सोडवून दिलं. मला वाटलं, तिकडे कोणी नातेवाईक असेल.

चौथ्या शनिवारी चार वाचक आले.

देहरादूनचे कॅप्टन सूद, निवृत्त. मडगावच्या मिसेस लोबो. न्यूझीलंडचा पीटर, त्याच्या चारशे मेंढ्या. आणि जमशेदपूरचा बिट्टू, सातवीतला, ज्याचं इंग्रजी आमच्या पोरांपेक्षाही वाईट होतं. कॅप्टन सूद आकडे मागत. तलाव मोठा म्हणजे किती मोठा, म्हशी किती, किती वाजता येतात. दुसऱ्या दिवशी तीन पोरं तलावाची एक बाजू पावलांनी मोजून आली. मिसेस लोबो जेवणाचं विचारत. पीटरला तर काहीच ठाऊक नव्हतं. बीरगांवच्या एका पोरानं लिहिलं होतं की आई सकाळी बासी देते आणि बाबा तीच खाऊन कारखान्यात जातात. पीटरनं विचारलं, ही बासी काय असते? रात्रीचा भात पाण्यात ठेवतात आणि सकाळी कांदा-मिरचीसोबत खातात, हे ज्यानं भात कधी हातानं खाल्ला नाही त्याला सांगायला त्या पोरानं तीन पानं लिहिली. 'आंबलेलं' याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला लायब्ररीतली डिक्शनरी काढली. ती डिक्शनरी त्याआधी खिडकीचं दार उघडं ठेवण्याच्या कामी यायची.

आणि बिट्टू. बिट्टूच्या चुका काढायला वर्गातली सगळ्यात मागची पोरं पुढे सरसावली. ज्यांना जन्मभर लोकांनी सुधारलं होतं त्यांना सुधारायला कोणीतरी मिळालं.

आता हे चौघं कोण ते तुम्ही ओळखलं असेल. मी ओळखलं नाही. मला ते पुढे कळलं, आणि ते चौघं कसे चालत हे त्याच्याही नंतर, सायबर कॅफेवाल्या किशोर भैयानं सांगितलं. सर शाळा सुटली की त्याच्याकडे कोपऱ्यातल्या मशीनवर बसत. कॅप्टन सूद व्हायचे तेव्हा पाठ सरळ करत आणि शर्टाचं वरचं बटण लावत. मिसेस लोबो होताना चष्मा काढत. बिट्टूसाठी एक पाय खुर्चीवर घेत. किशोर भैयाला पहिले दोन महिने खात्री होती की हा मास्तर कुठल्यातरी बाईला फसवतोय. मग एक दिवस त्यानं मागून वाकून वाचलं, तर पडद्यावर म्हशी. तेव्हापासून सरांसाठी ती खुर्ची राखीव.

एकदाच घोटाळा झाला. घाईत सरांनी मिसेस लोबोंची कॉमेंट कॅप्टनच्या नावानं टाकली. कॅप्टन सूद, ज्यांनी आजवर आकड्यांशिवाय काही विचारलं नव्हतं, त्यांनी अचानक लिहिलं की आज आमच्याकडे नारळ घालून माशाचं कालवण केलंय, शेजारच्या चर्चची घंटा वाजतेय. वर्गानं एका दिवसात निष्कर्ष काढला की कॅप्टन मडगावला राहायला गेले. दोन पोरींनी तर अभिनंदनाची पोस्ट लिहिली. सर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. शेवटी कॅप्टनच्या गुडघ्यावर गोव्याच्या कुठल्याशा वैद्याचा उपचार असल्याचं जाहीर झालं, आणि तीन आठवड्यांनी कॅप्टन देहरादूनला परतले. पोरी नाराज झाल्या.

माझी मुलगी पल्लवी त्याच वर्गात होती. नवं राज्य झालं तेव्हा माझ्या बायकोची बदली जगदलपूरला झाली. ती शनिवारी रात्री यायची आणि सोमवारी पहाटेच्या बसनं जायची. आठवडाभर घरात आम्ही दोघं. मी मराठीत विचारायचो, पल्लवी हिंदीत उत्तर द्यायची, आणि विचारायचं असं माझ्याकडे फार नसायचं. जेवताना टीव्हीवर बातम्या चालू. माझ्या मते सगळं ठीक चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी, वर्ग दहावीत गेल्यावर, पावसाळ्यानंतर रामटेके सर माझ्याशी फार प्रेमानं वागू लागले. माझा चहा स्वतः आणून द्यायचे. जाता जाता खांद्यावर हात ठेवायचे. एकदा कारण नसताना म्हणाले, "हरदासजी, माणूस बोलत नाही म्हणून त्याले काही वाटत नाही असं नसते. मी लोकाले सांगत असतो." मी मान हलवली आणि पेपर तपासत राहिलो.

जानेवारीत एका शनिवारी वर्ग गेल्यावर लॅब बंद करताना मला एका कीबोर्डखाली निळी वही सापडली. हजेरीची समजून उघडली. पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं:

'कॅप्टन सूद, देहरादून, ६८. डाव्या कानानं कमी ऐकतात. आकडा मागतात. स्तुती महिन्यातून एकदा, जास्त नाही. मिसेस लोबो, मडगाव, ६१. सोमवारी लिहीत नाहीत. पीटर: माहिती शून्य. त्याला सगळं सांगावं लागतं. बिट्टू: दर कॉमेंटला तीन चुका. एप्रिलपासून दोन कराव्या, पोरांना वाटलं पाहिजे की आपण शिकवलं.'

पुढची पानं मुलांच्या नावांची होती. कुणाला कोणी कधी लिहिलं, कुणाला किती दिवस कोणीच लिहिलं नाही. माझ्या मुलीच्या नावापुढे होतं, 'पल्लवी, दोन आठवडे रिकामी. कॅप्टन.'

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो ब्लॉग नीट उघडला. पल्लवीची पोस्ट शोधली. तिनं लिहिलं होतं की आमच्या घरी दोन माणसं आणि एक टीव्ही आहे, आणि सगळ्यात जास्त टीव्ही बोलतो. त्याखाली कॅप्टन सूद यांनी विचारलं होतं: वडील कमी बोलतात म्हणजे नेमके किती? आकडा द्या. आणि तिनं आकडा दिला होता. मंगळवारी अकरा शब्द. यादीच होती. उठ. दूध. चाबी कुठे. छत्री ने. भात आहे. लाइट बंद कर.

मी मोजले. अकराच होते.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. वाटली ती चीड. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस खोटं नाव घेऊन माझ्या मुलीला माझे शब्द मोजायला लावत होता. पोस्टखाली आणखीही कॉमेंट होत्या. कुणी मिस मॅसी, नैनपूर, सगळं कॅपिटल अक्षरांत. मी त्या वाचल्या नाहीत. नाव बघितलं आणि मशीन बंद केलं. वहीत चार नावं होती, पडद्यावर पाचवं होतं. गणिताचा मास्तर मी, आणि तेवढं मोजलं नाही.

संध्याकाळी जेवताना मी टीव्ही बंद केला आणि वही पल्लवीच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, हा तुझा कॅप्टन. ही तुझी लोबो. त्या दिवशी मी बोललो. बरंच बोललो. तिनं पानं उलटली. बिट्टूच्या चुकांचं वाचताना तिला हसू येईल असं वाटलं, ते आलं नाही. शेवटी तिनं एकच विचारलं.

"मिस मैसी भी?"

"सगळे," मी म्हटलं.

तिनं वही बंद केली, ताट उचललं आणि आपल्या खोलीत गेली. वाद जिंकल्यासारखा मी बसून राहिलो.

पुढच्या शनिवारपर्यंत वर्गाला कळलं होतं. मी लॅबच्या दारात उभा होतो. सगळे बसल्यावर मागून एक पोरगा उभा राहिला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "सर, कैप्टन साहब का घुटना कैसा है?" वर्ग हसला. सर पण आधी हसले, कारण त्यांना कळलं नव्हतं. मग हसणं थांबेना तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"हव," ते म्हणाले. "वो चारों मैं ही हूँ."

चार म्हणाले. कोणी मोजलं नाही. पल्लवी खाली बघत होती. ज्यानं बासीवर तीन पानं लिहिली होती तो पोरगा म्हणाला, "तो पीटर को सब मालूम था, सर?" सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या दिवशी कोणी टाइप केलं नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. फेब्रुवारीत प्राचार्यांनी ते दोन तास बोर्डाच्या तयारीला देऊन टाकले. पोरं पुन्हा मन लावून हंस पाठ करू लागली.

वर्ग हसला त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सर लॅबमध्ये आले होते. मी वही टेबलाच्या खणातून काढून पुढे केली. ती माझ्याकडे कशी आली हे त्यांनी विचारलं नाही. वही काखेत मारली, दाराकडे गेले, परत आले.

"माझं सांगितलं ते बरंच केलं," ते म्हणाले. "घरातली गोष्ट होती, मी हात घालायले नको होता. पण तुमचं सांगू नका, हरदासजी."

मला समजलं नाही. माझा चेहरा बघून ते जवळ आले.

"चार माझे होते. मॅसी बाई माझी नाही. मले पहिल्याच दिवशी समजलं. 'माझा बापही बोलत नव्हता, पण माझे जोडे पॉलिश करून ठेवायचा, तुझा बाप काय म्हणतो ते मोजू नको, काय करतो ते पाहा'... असं कोण लिहील? बापच लिहील. अन् पोट्टीनं पाहिलं. सायकलीची हवा कोण भरते, पाण्याची बाटली कोण भरते, सगळं लिहिलं तिनं. मी किशोरच्या दुकानात वाचलं, डोळ्यात पाणी आलं. तुम्ही बंद नका करू. पोरगी वाट पाहून राहिली."

आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

पण ती मी नव्हतो. म्हणजे मॅसी बाई खरी होती. नैनपुरात कुणी खरोखरची बाई माझ्या मुलीचं लिहिलेलं वाचत होती, माझी बाजू घेत होती, आणि मी 'सगळे' म्हणालो होतो.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं, आणि सरांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आता खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगतो. मला ते आवडलं. या जगात एक माणूस असं समजत होता की मी माझ्या मुलीला चोरून पत्रं लिहितो. हात सोडवून घ्यावा असं मला वाटलं नाही.

घरी जाऊन पल्लवीला सांगणं तर अगदी सोपं होतं. पाच-सहा शब्दांचं काम. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता तिची परीक्षा आली. परीक्षेनंतर तिनं विज्ञान घेतलं. मग ती भिलाईला गेली, मग बेंगळुरूला. मध्ये बायकोची बदली होऊन ती परत आली. घरात बोलणारं माणूस आलं आणि माझ्यावरचा प्रसंग टळला. पल्लवी आठवड्यातून एकदा फोन करते, आईशी बोलते, मग मला देते. मी विचारतो, जेवण झालं का. ती म्हणते, हो गया.

सर निवृत्त झाले तरी बूढ़ापाऱ्यातच राहिले, दोन खोल्यांत. कधी रस्त्यात भेटत. सुरुवातीला, हातात हात घेतला त्यानंतरचे काही महिने, माझ्याकडे बघून असे हसत की जणू आमचं दोघांचं काही गुपित आहे. पुढे ते हसणं बंद झालं. पण विचारपूस तीच, पोरगी काय म्हणते, कुठे असते. वाटलं, वय झालं, विसरले असतील.

सर मागच्या पावसाळ्यात गेले. झोपेतच गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी शाळेच्या एका फॉर्मसाठी किशोर भैयाकडे गेलो. त्याचा सायबर कॅफे केव्हाच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान झालाय. कोपऱ्यातलं एक जुनं मशीन मात्र तसंच होतं. मी विचारलं, हे अजून कशाला. म्हणाला, "सर का है, भैया. रोज आते थे, आखिरी दिन तक. मैडम से बात करते थे." कोणती मॅडम, मी विचारलं. त्यानं चालू करून दिलं.

पल्लवीची शेवटची पोस्ट होती, सायकलीच्या हवेची आणि बाटलीची. तिच्याखाली मिस मॅसी, सगळी कॅपिटल अक्षरं. महिन्यानं एक: नवीन काही आलं नाही, बरी आहेस ना. आणखी दोन महिन्यांनी दुसरी: काळजी वाटते.

त्याखाली पहिल्यांदाच सर स्वतःच्या नावानं आले होते. मिस मॅसी म्हणजे मीच असं समजून, मला उद्देशून. इंग्रजीत दोनच वाक्यं: ती शेजारच्या खोलीतच आहे. जाऊन विचारा.

आणि त्याखाली मिस मॅसीचं उत्तर. मी एकटी राहते, माझ्या शेजारच्या खोलीत ट्रंका आहेत. तुम्ही मला कोण समजलात?

तारखा पाहिल्या तर उत्तर द्यायला सरांनी चार दिवस घेतले होते. मग लिहिलं होतं: माफ करा. एका मुलीचा बाप समजलो. माझा मित्र आहे. सज्जन आहे, त्याला वेळ लागतो.

म्हणजे त्यांना त्या उन्हाळ्यातच कळलं होतं. त्यानंतर तेरा वर्षं ते मला रस्त्यात भेटत राहिले.

खाली पानंच्या पानं होती. दोघांनी माझ्या मुलीच्या पोस्टखाली तेरा वर्षं गप्पा मारल्या होत्या. मिस मॅसी रेल्वेच्या दवाखान्यात सिस्टर होत्या, निवृत्त. त्यांच्या दारातलं पेरूचं झाड, सरांचा मोतीबिंदू, तिकडची थंडी, इकडची गरमी, नोटीस बोर्डावरच्या अठरा नावांची गोष्ट. भेटायचं एकदाही कोणी काढलं नव्हतं. मध्ये मध्ये त्या विचारत, मुलीचं काही कळलं का. सर कळवत. बारावी झाली. इंजिनिअर झाली. बेंगळुरूला आहे. म्हणजे रस्त्यात मला विचारलेलं सगळं इथे पोचत होतं.

शेवटची कॉमेंट मिस मॅसीची होती. एकोणीस दिवस झाले, तुमचं काही नाही. बरे आहात ना?

मी दुकानाबाहेर येऊन पल्लवीला फोन लावला. कामाची वेळ होती. तिनं घाबरून विचारलं, मम्मी ठीक है ना. मी म्हटलं, ठीक आहे, मला बोलायचंय. आणि सगळं सांगितलं. वहीपासून आत्ता पडद्यावर काय आहे तिथपर्यंत. मध्येच ती म्हणाली, "एक मिनट, पापा," आणि कुठेतरी चालत गेली, दार लागल्याचा आवाज आला. मग म्हणाली, बोलो.

माझं सांगून झालं.

"वो सच्ची थीं?"

"हो."

"और आपको मालूम था."

"सोमवारपासून. तू शनिवारी वर्गात बसली होतीस ना, त्याच्यानंतरच्या."

गाड्यांचा आवाज येत होता, तिच्याकडचा की माझ्याकडचा ते कळेना.

"उसी दिन बोल देते, पापा," ती म्हणाली. आवाज चढवून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, तू त्यांना लिहिशील का, सरांचं कळवायला हवं. ती म्हणाली, मी नाही. इतक्या वर्षांनी काय लिहू. आप लिखो, आपका काम है. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

मी आत गेलो. किशोर भैयानं खुर्ची पुसून दिली. मला इंग्रजीत लिहायची सवय नाही, गणिताला लागत नाही. अर्धा तास गेला. चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच लिहिलं गेलं: रामटेके सर गेले, झोपेत गेले, त्रास झाला नाही. मी पल्लवीचा बाप. तुम्ही विचारत होता तेव्हा ती खरंच शेजारच्या खोलीत होती. मी गेलो नाही.